कोई टाकीत का मरतात, तळ्यात का मरतात: औषधाआधी वेळ बघा

कोई, म्हणजे मूळचे जपानचे रंगीत कार्प मासे, पाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा दोनपैकी एका रूपात येते. ज्यांच्याकडे हॉलमध्ये काचेची टाकी आहे त्यांचे मासे महिना-दोन महिने मजेत असतात. मग एके दिवशी पाणी बदललं जातं आणि रात्रीतून दोन-तीन मासे दगावतात. ज्यांनी अंगणात किंवा फार्महाउसवर तळं बांधलंय त्यांच्याकडे संध्याकाळी हातातून दाणे खाणारा सगळ्यात मोठा मासा सकाळी उलटा तरंगताना सापडतो. दोघेही दुकानात जातात, दोघांनाही निळ्या औषधाची तीच बाटली मिळते आणि काही दिवसांनी पुन्हा तेच होतं.

पुन्हा होतं, कारण औषध रोगावर असतं आणि इथे मासा रोगाने गेलेला नसतो, पाण्याने गेलेला असतो. टाकीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी वेगवेगळ्या कारणांनी बिघडतं आणि वेगवेगळ्या वेळी बिघडतं. म्हणून कुठलीही बाटली उघडण्याआधी मासा नेमका कधी त्रासात दिसला ते लिहून काढा. खाणं घातल्यावर काही तासांनी? पाणी बदलल्यावर? लाइट जाऊन आल्यावर? पहाटे? दुपारी चारला? की वळवाच्या पहिल्या सरीनंतर? बरंचसं निदान या एका नोंदीवर होतं, आणि ही नोंद मालकाशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

मासे आत्ता धापा टाकत असतील तर

खाणं ताबडतोब बंद करा आणि हवा वाढवा. हाताशी असतील तेवढे एअर पंप लावा. पंप नसेल तर बादलीने पाणी उचलून उंचावरून परत ओता, तेही चालतं. फॉर्मालिन किंवा परमँगनेट या क्षणी अजिबात टाकू नका. फॉर्मालिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं आणि परमँगनेट आधीच जळजळलेल्या कल्ल्यांना आणखी जाळतं. हवा चालू झाली की मग मोजमाप: अमोनिया, नायट्राइट, पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल), केएच आणि तापमान. थेंबांची टेस्ट किट घ्या. पट्ट्यांवरच्या रंगात इतका बारीक फरक नीट कळत नाही. केएच म्हणजे पाण्याची आम्लता रोखून धरण्याची ताकद. बहुतेक जण हीच चाचणी वगळतात आणि बहुतेक कोडी तिथेच सुटतात.

घरातली टाकी: पाणी बदललं की मासे का जातात

आधी एक हिशेब करू. चांगल्या खाद्यात ३५ ते ४० टक्के प्रथिनं असतात. असं १० ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं की त्यातून साधारण ०.३ ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो, तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. चार फुटी टाकीत वाळू, दगड वगळून २०० लिटरच्या आसपास पाणी असतं. तिथे या खाद्याने लिटरमागे दीड मिलिग्रॅम अमोनिया वाढतो, एका दिवसात. तेच खाद्य ५,००० लिटरच्या तळ्यात पडलं तर वाढ ०.०६ मिलिग्रॅम. तोच मासा, तेच दाणे आणि फरक पंचवीस पटीचा. टाकीत कोईंना जे काही होतं त्याच्या मुळाशी हा आकडा आहे.

फिल्टरमधले जिवाणू हा अमोनिया खातात. त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे गेले तर कारण शोधायला लांब जायला नको. या काळात मधेच अमोनिया उतरतो आणि नायट्राइट, म्हणजे जिवाणू अमोनियापासून बनवतात ते मधलं विषारी रूप, चढतो. मासे तेव्हाही धापा टाकतात, पण हवा वाढवून फरक पडत नाही, कारण प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताचीच ताकद गेलेली असते. कल्ले उचलून पाहिले तर लालभडक नाही, तपकिरी दिसतात. यावर साधं खडेमीठ कामाचं आहे. हजार लिटरला १ किलो, म्हणजे ०.१ टक्का मीठ आधी बादलीत विरघळवून थोडं थोडं सोडा. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

पण जुन्या, बसलेल्या टाकीतही पाणी बदलल्यावर मासे जातात. ते का, हे सविस्तर सांगतो, कारण यात मासा गमावलेले लोक वर्षानुवर्षं नळाच्या पाण्याला दोष देत राहतात.

जिवाणूंना अमोनिया पचवताना केएच खर्च करावा लागतो. अमोनियाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे साधारण ७ मिलिग्रॅम. वरच्या उदाहरणात २०० लिटरच्या टाकीत रोज लिटरमागे १० मिलिग्रॅम केएच उडतो. ज्या शहरांना धरणाचं किंवा तलावाचं मऊ पाणी मिळतं, तिथे केएच मुळातच कमी. आठवड्या-दीड आठवड्यात तो संपतो. मग पीएच ६ च्या आसपास घसरतो, जिवाणू काम थांबवतात आणि अमोनिया साचत जातो. तरीही मासे मरत नाहीत, कारण आम्ल पाण्यात अमोनिया जवळपास सगळाच बिनविषारी रूपात असतो. मासे थोडे सुस्त दिसतात, रंग फिका पडतो आणि आपल्याला वाटतं, पाणी जुनं झालंय, बदलून टाकू.

आपण अर्धी टाकी रिकामी करून पीएच ७.५ किंवा ८ चं ताजं पाणी भरतो. पाणी २८ अंशाचं असेल तर पीएच ७ ला अमोनियाचा विषारी भाग शंभरात एकाहूनही कमी असतो, ८ ला साडेसहाच्या जवळ आणि ९ ला चाळीसच्या आसपास. सहावरून आठवर उडी म्हणजे विषारी भाग जवळपास शंभरपट. निम्मा अमोनिया बादलीतून गेला खरा, पण उरलेला निम्मा शंभरपट जहाल झाला. मासे गेले ते याने. ताजं पाणी चांगलं होतं म्हणून गेले, असंच म्हणावं लागतं.

यावरची तपासणी दोन मिनिटांची आहे. पाणी बदलण्याआधी टाकीचा आणि नळाच्या पाण्याचा पीएच मोजा. दोघांत एक अंकाचा किंवा जास्त फरक असेल आणि टाकीत अमोनिया दिसत असेल, तर एका वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नका. रोज थोडं थोडं बदला आणि खाणं बंद ठेवा. अमोनिया शून्याजवळ आल्यावरच खाण्याचा सोडा देऊन केएच वर आणा. हजार लिटरला ३४ ग्रॅम सोड्याने केएच लिटरमागे २० मिलिग्रॅम वाढतो. १०० च्या आसपास राहिला की ही कटकट पुन्हा उद्भवत नाही. सोडा एकदम ओतू नका, दोन-तीन दिवसांत विभागून द्या.

पीएचमध्ये फरक नसतानाही पाणी बदलल्यावर तासाभरात मासे सैरभैर झाले, तर संशय क्लोरीनवर घ्या. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं असं पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक सांगतं. गढूळ पाण्याच्या दिवसांत नळाला त्याचा वास जास्त येतो. दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारे खडे किंवा थेंब म्हणजे सोडियम थायोसल्फेट. क्लोरीनच्या सातपट वजनाचं थायोसल्फेट लागतं. बादल्या भरून रात्रभर हवा सोडली तरी क्लोरीन उडून जातं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं पण प्राणवायूही जवळपास नसतो, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. त्यालाही आधी हवा द्यावी लागते.

फिल्टरचा स्पंज नळाखाली खळाळून धुणं म्हणजे जिवाणूंची वस्ती आपल्या हाताने मारणं. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्या. तो थोडा कळकट दिसलेलाच बरा. आणि लाइट चार-पाच तास गेली असेल तर बंद डब्याचा फिल्टर तसाच चालू करू नका. आतलं पाणी तोवर सडलेलं असतं, ते ओतून द्या आणि मगच सुरू करा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असायलाच हवा. इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, मग माशांच्या पंपाचा प्लगही त्यावर घ्या.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. टाकीच्या मापाने कोई वाढतो, लहान टाकीत लहानच राहतो, असं दुकानात सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. कोई म्हणजे कार्प, आपल्या धरणांत सापडणाऱ्या सायप्रिनसचा सख्खा नातेवाईक. नीट वाढला तर दोन फुटांच्या पुढे जातो आणि पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते ती पाणी वाईट असतं म्हणून, आणि अशा माशाची पाठ वाकडीही होऊ शकते. ज्यांना हॉलमध्येच मासे ठेवायचे आहेत त्यांनी दुसरे कितीतरी सुंदर मासे ठेवावेत. शिवाय कोईची पैदास शतकभराहून जास्त काळ वरून पाहण्यासाठी झाली आहे. कोहाकूच्या, म्हणजे पांढऱ्या अंगावर लाल ठिपके असलेल्या कोईच्या, पाठीवरची लाल नक्षी काचेतून बाजूने बघितली तर निम्मी दिसतच नाही.

मग घरात ठेवूच नये का?

जपानमधल्या निइगाता भागात, यामाकोशी-ओजियाच्या डोंगरात, जिथे कोई जन्माला आला, तिथले पैदासकार स्वतः दोन्ही करतात. उन्हाळ्यात मासे डोंगरउतारावरच्या मातीच्या तळ्यांत सोडतात. शरदात, बर्फ पडण्याआधी, जाळी ओढून सगळे बाहेर काढतात आणि हिवाळाभर छपराखालच्या काँक्रीटच्या हौदांत ठेवतात. म्हणजे छप्पर वाईट नाही. त्यांच्या छपराखाली कित्येक हजार लिटरचे हौद आणि त्याच तोलाचे फिल्टर असतात. आपल्याकडे "घरात" म्हटलं की दीड-दोनशे लिटर डोळ्यांसमोर येतात, घोटाळा तिथे आहे.

माझ्या मते घरातल्या टाकीचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी: नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवायला, आणि जखमी मासा डोळ्यांसमोर ठेवायला. नवा मासा वेगळा न ठेवता तळ्यात सोडणं मला अक्षम्य वाटतं. १९९८ साली पहिल्यांदा लक्षात आलेला कोई हर्पीस विषाणू बाहेरून निरोगी दिसणाऱ्या माशासोबत येतो आणि त्यावर औषध नाही. पाणी २३ ते २५ अंशांवर ठेवलं तर तो लपून राहण्याची शक्यता कमी होते, म्हणून वेगळं ठेवताना याच तापमानाचा आग्रह धरा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीवर किंवा बाल्कनीत मोठी टाकी ठेवायचं ठरवलं, तर आधी वजनाचं बघा. हजार लिटर म्हणजे एक टन. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात आणि ६० सेंटिमीटर खोल पाणी चौरस मीटरला ६०० किलो भरतं. सोसायटीच्या परवानगीआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

बाहेरचं तळं: पहाट, दुपार आणि पहिला पाऊस

तळ्यात अमोनियाचा धोका विरळ होतो, पण तिथे सूर्य आणि शेवाळ येतात. पाणी हिरवं असेल तर दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्री माशांबरोबर तेही प्राणवायू घेतं. रात्रभर साठा उतरत जातो आणि सूर्योदयाच्या आधी तळाला लागतो. मुळात गरम पाण्यात प्राणवायू कमीच मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. कोईला पाच-सहा तरी हवा.

म्हणून मासे पहाटे चार ते सातच्या दरम्यान पाण्याच्या तोंडाशी येऊन हवा गिळत असतील आणि ऊन आल्यावर आपोआप सावरत असतील, तर दुसरं काही शोधत बसू नका. यात सगळ्यात मोठा मासा बहुधा आधी जातो, कारण त्याची गरज मोठी. पाण्यात काही विषारी उतरलं असेल तर लहानमोठे सगळेच जातात, बरेचदा लहान आधी.

आणि इथेच सगळ्यात जास्त दिसणारी चूक: विजेचं बिल वाचावं किंवा शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून लोक धबधबा रात्री बंद करतात. दिवसभर चालवतात, जेव्हा शेवाळ फुकटात प्राणवायू देत असतं, आणि नेमका गरजेच्या वेळी थांबवतात. उलट करा. वाचवायचंच असेल तर दुपारी बंद ठेवा. रात्रीसाठी ४० वॅटचा एअर पंप पुरतो. दहा तासांत ०.४ युनिट जळतं, आणि आवाज खिडकीतून आत येत नाही. संध्याकाळी उशिरा खाणंही घालू नका. पोट भरलेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो. सकाळी नऊ-दहाला खाऊ घाला.

हिरव्या पाण्याला कंटाळून मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) टाकणारे बरेच आहेत. शेतात, बागेत हाताशी असतं, म्हणून टाकतात. कृपा करून टाकू नका. कमी केएचच्या पाण्यात तांबं माशांच्या कल्ल्यांना थेट मारक आहे, आणि त्यातून मासे वाचलेच तर एकदम मेलेलं शेवाळ सडताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेतं. पाणी हिरवं आहे कारण ऊन जास्त, खाणं जास्त आणि फिल्टर कमी आहे. अर्ध्या तळ्यावर शेडनेट ओढा, दाणे कमी करा, फिल्टर वाढवा. अल्ट्राव्हायोलेट दिवा लावणार असाल तर पहिल्या आठवड्यात हवा दुप्पट ठेवा.

दुपारी तीन-चारला मासे मलूल, एका कोपऱ्यात, आणि सकाळी मात्र ठीक, असं असेल तर पीएचवर नजर टाका. शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच ९ च्या पुढे जातो. वर दिलेली अमोनियाची पायरी आठवा: सकाळी निरुपद्रवी असलेला अंशभर अमोनिया दुपारी टोचायला लागतो. पहाटे आणि दुपारी चारला, असा दोनदा पीएच मोजा. एकाहून जास्त फरक आला तर केएच वाढवा, उपाय तोच, सोडा. सिमेंटचं तळं नवं असेल तर पीएच सकाळीही १० च्या वर सापडेल, कारण चुना सुटत असतो. पाणी भरून, काही दिवस ठेवून, ओतून द्या. असं पीएच साडेआठच्या खाली टिकेपर्यंत करत राहा. वॉटरप्रूफिंगचा लेप दिला तर लवकर सुटका होते. तोवर मासा सोडायचा नाही.

पहिल्या पावसानंतरचे मृत्यू आपल्याकडचे खास आहेत. मे महिन्यात तळ्याचा वरचा थर तापलेला असतो आणि तळाशी गाळ आणि प्राणवायू नसलेलं पाणी. वळवाचा गार पाऊस पडला की वरचं पाणी जड होऊन खाली जातं, तळाचं वर येतं आणि तासाभरात सगळं तळं बिघडतं. त्यामागून ढगाळ दिवस येतात, शेवाळ मरतं, प्राणवायू आणखी उतरतो. शिवाय पावसाच्या पाण्यात केएच जवळजवळ नसतो. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन मीटर पाऊस होतो. सव्वा मीटर खोल तळ्याचं पाणी एवढ्या पावसात दोनदा बदलून निघतं. त्यामुळे जुलैमध्ये कोकणातल्या तळ्याचा केएच मोजला तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही. देशावर, बोअरच्या पाण्यावर, हा त्रास कमी.

मेच्या शेवटी तळाचा गाळ सायफनने काढा, पण सगळा एका दिवसात नाही. जून लागल्यापासून हवा चोवीस तास. केएच आठवड्याला एकदा मोजा, कोकणात दोनदा. तळ्याची कडा जमिनीपेक्षा वीतभर उंच हवी, नाहीतर बागेतलं खत आणि फवारणीचं पाणी आत येतं. जादा पाण्याच्या पाइपाला जाळी हवी, नाहीतर मासे अंगणात सापडतील.

मासा मेलेला सापडतच नाही, नुसता कमी होतो, तर ढोकरी, खंड्या किंवा मांजर. कडेला विखुरलेले खवले दिसले की नक्की. वरून जाळी ताणणं हा एकच खात्रीचा उपाय आहे, आणि काठाशी पाणी उथळ ठेवू नये, म्हणजे बगळ्याला उभं राहायला जागा मिळत नाही.

वेळेशी ज्याचा संबंध नाही असा त्रासही असतो: मासा दिवसरात्र अंग घासतो, उड्या मारतो. माशाच्या उवा नुसत्या डोळ्यांनी दिसतात, चपट्या, पारदर्शक, खवल्यांना चिकटून सरकणाऱ्या. नांगरकृमी दोऱ्यासारखा लोंबतो. कल्ल्यांवरचे बारीक कृमी मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत आणि अंदाजाने औषध देणं इथेच सगळ्यात महागात पडतं. राज्यात रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. माशांच्या रोगांचा अभ्यास असलेली माणसं तिथे भेटू शकतात, आधी विचारून बघा.

टाकीतून तळ्यात हलवताना

हलवायला मे आणि जून टाळा. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, पाणी २४-२६ अंशांच्या आसपास स्थिर असतं, तो काळ सगळ्यात चांगला. टाकीचा पीएच ६ आणि तळ्याचा ८ असेल तर मासा तसाच उचलून टाकू नका. आठवडाभर आधीपासून रोज थोडं पाणी बदलत टाकीचा पीएच तळ्याच्या जवळ आणा.

दुकानातून किंवा प्रवास करून पिशवीत आलेल्या माशाचं मात्र उलटं आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, अमोनिया साठलेला असतो. पिशवी उघडून त्यात तासभर कपाकपाने नवं पाणी घालत बसलात तर कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि मासा पिशवीतच भाजतो. पिशवी बंद ठेवून वीसेक मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा, मासा हाताने किंवा मऊ जाळीने उचलून वेगळ्या ठेवलेल्या टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी बाहेर ओता. टाकीवर झाकण ठेवा, कारण नवा कोई पहिल्या काही रात्री उडी मारतो. पहिला दिवस खाणं देऊ नका, दुसऱ्या दिवशी चिमूटभर द्या, आणि पहिले आठ दिवस अमोनिया रोज मोजा.